टर्नटेबल घरच्या साउंड सिस्टिमला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून तबकड्यांचा खोका खाली येतो, हौसेने नवं टर्नटेबल घरी येतं, आणि मग कळतं की हॉलमधल्या साउंडबारला त्याची वायर नेमकी कुठे खोचायची हेच ठाऊक नाही. गेली काही वर्षं ओळखीपाळखीतून मला असेच फोन येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे उतरवले आहेत. प्रश्न कोणताही असो, मी आधी उलट एकच विचारतो: "तुमचं फोनो स्टेज कुठे आहे?" समोरून बहुतेक वेळा "ते काय असतं?" असं येतं. म्हणून तिथूनच सुरुवात.

टर्नटेबल अँप्लिफायरच्या 'ऑक्स'ला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकाला, जोडलं. गाणं लागतंय, पण डास गुणगुणल्यासारखं. मशीन बिघडलेलं आलं का?

मशीन ठीक आहे. तुमच्या जोडणीत फोनो स्टेज नाही.

तबकडीच्या खाचेतून सुई थरथरत जाते. त्या थरथरीने कार्ट्रिजमधलं, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या ठोकळ्यातलं, इवलंसं चुंबक हलतं आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते. ती वीज असते ४-५ मिलिव्होल्ट. ऑक्सच्या भोकाला काही शे मिलिव्होल्टपासून २ व्होल्टपर्यंतची सवय असते. म्हणजे आवाज आधी शंभरेक पटींनी वाढवून मगच पुढे द्यायला हवा.

नुसता वाढवूनही भागत नाही. खर्जाचा आवाज तबकडीवर जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एका बाजूवर वीसेक मिनिटांचं गाणं मावणारच नाही. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात आणि तार स्वर चढवतात. वाजवताना नेमकं उलट करायचं असतं. कोणत्या कंपनांना किती दाबायचं आणि किती चढवायचं याचा नियम अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली ठरवला. त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात आणि पुढे जगभर तोच रुळला. या नियमाने २० हर्ट्झचा खर्ज सुमारे २० डेसिबलने खाली जातो आणि २० हजार हर्ट्झचा आवाज तेवढाच वर येतो.

हा हिशेब उलटा फिरवणारं आणि सिग्नल मोठा करणारं जे सर्किट असतं ते फोनो स्टेज, म्हणजेच फोनो प्रीअँप. ते नसेल तर डग्गा गायब होतो, तबल्याची चाट टणटणत राहते आणि गायकाचा प्रत्येक 'स' कानात टोचतो. अशा वेळी लोक अँप्लिफायरचा आवाज आणि बेस दोन्ही टोकापर्यंत पिळतात. गाणं सुधारत नाही, खरखर मात्र दुप्पट होते.

माझ्याकडे फोनो स्टेज आहे की नाही, कसं ओळखू?

टर्नटेबलची मागची बाजू बघा. 'फोनो' आणि 'लाइन' असं लिहिलेली एखादी बारीक खटकी असेल, तर फोनो स्टेज आत आहे. ब्लूटूथ किंवा यूएसबीची सोय असेल तरीही ते आत असतं, कारण त्याशिवाय या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. यातलं काहीच नसेल आणि दोन वायरींसोबत टोकाला पत्र्याचा चिमटा असलेली तिसरी बारीक वायर लोंबत असेल, तर ते बाहेरून घ्यावं लागेल. आता अँप्लिफायर फिरवून बघा. 'फोनो' लिहिलेली लाल-पांढरी जोडी आणि शेजारी 'जीएनडी' (म्हणजे ग्राउंड) असा स्क्रू दिसला, तर ते अँप्लिफायरमध्येच आहे.

नियम एवढाच की संपूर्ण साखळीत फोनो स्टेज एकदाच लागलं पाहिजे. टर्नटेबलमधलं चालू असेल तर अँप्लिफायरला ऑक्स, सीडी, टेप असं कुठलंही साधं भोक चालतं, फक्त 'फोनो' सोडून. अँप्लिफायरमधलं वापरायचं असेल तर टर्नटेबलची खटकी 'फोनो'वर हवी. दोन्हीकडे नसेल तर मधे वेगळी डबी लावायची. टर्नटेबलची वायर डबीत, डबीची वायर अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये.

एकदाही लागलं नाही तर काय होतं ते वर आलंच. दोनदा लागलं तर आवाज फाटतो, फुगतो, आणि कार्ट्रिज गेलं अशी तुमची खात्री पटते. माझी पटली होती. नवीन कार्ट्रिज आणून बसवलं, तरी आवाज तसाच. चार दिवसांनी मागची खटकी दिसली.

डबी घेताना एक तपासा. तुमचं कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम आहे की मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी? घरगुती टर्नटेबलवर जवळजवळ नेहमी एमएमच असतं, आणि ४७ किलोओमची नेहमीची डबी त्याला पुरते. एमसीचा सिग्नल आणखी दहापट बारीक, बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत, त्यामुळे त्याला एमसीची सोय असलेली डबीच लागते. आणि टर्नटेबल ते डबी ही वायर मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नको. डबीपासून पुढे हवी तेवढी लांब न्या.

घरात फक्त साउंडबार आहे. त्याला जोडता येईल?

ऑक्सचं साडेतीन मिलिमीटरचं भोक असेल तर सहज. एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी पिन असलेली वायर घ्या. टर्नटेबल 'लाइन'वर ठेवा. झालं.

अडचण नव्या साउंडबारची आहे. त्यांच्या मागे बऱ्याचदा नुसती एचडीएमआय आणि ऑप्टिकलची भोकं असतात, आणि ती डिजिटल. टर्नटेबलमधून निघतो तो अ‍ॅनालॉग सिग्नल. मधे अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारा कन्व्हर्टर लागतो. तो मागताना फार जपून बोला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'ऑप्टिकल कन्व्हर्टर' म्हटलं की दुकानदार हमखास उलटा, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा काढून देतो, कारण गिऱ्हाईक त्याचंच जास्त. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या बहिणी. 'आरसीए इन, ऑप्टिकल आउट' (आरसीए म्हणजे त्याच लाल-पांढऱ्या पिना) असं डबीवर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझं विचाराल तर कन्व्हर्टरच्या खटाटोपापेक्षा स्वतःचा अँप्लिफायर पोटात असलेल्या दोन पॉवर्ड स्पीकरची जोडी घ्यावी. टर्नटेबलची वायर थेट स्पीकरच्या मागे जाते आणि स्टिरिओ खरोखर डावी-उजवीकडे ऐकू येतो. साउंडबार संवाद ऐकायला छान.

ब्लूटूथने केलं तर पाप लागतं का?

नाही. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू द्या. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवला जातो, थोडा बारकावा जातो, हे खरं. पण स्वस्त कार्ट्रिज आणि छोटा स्पीकर असेल तर तेवढा फरक ऐकू येईलच असं नाही. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्याने तबकडीला काही फरक पडत नाही, तिथे कोणाचे ओठ हलताना बघायचे नसतात.

गंमत वेगळीच होते. टर्नटेबलला पडदा नसतो. पेअरिंगचं बटण दाबलं की जवळपास जो स्पीकर जोडणीच्या तयारीत सापडेल त्याला ते चिकटतं. माझ्या एका मित्राच्या टर्नटेबलने शेजाऱ्यांचा स्पीकर पकडला होता, आणि अर्धी बाजू भिंतीपलीकडे वाजून गेली. पहिल्यांदा जोडताना घरातली बाकीची ब्लूटूथ यंत्रं बंद ठेवा. वायर जोडायची सोय असेल तर मात्र वायरच.

एको किंवा सोनोससारख्या स्मार्ट स्पीकरला जोडता येईल?

अ‍ॅमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या एकोला साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे, अ‍ॅपमध्ये जाऊन ते 'इन' करायचं. सोनोस फाइव्हला लाइन-इन आहे. सोनोस इरा १०० ला त्यांचा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. तिन्हीकडे टर्नटेबल 'लाइन'वर.

होम थिएटरचा मोठा रिसीव्हर आहे, पण 'फोनो' कुठेच नाही.

बऱ्याच एव्ही रिसीव्हरवर ते नसतं. वेगळी डबी घ्या, 'सीडी'च्या भोकात जोडा आणि रिसीव्हर 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट'वर ठेवा. पाच-पाच स्पीकरमधून भजन घुमवायची सोय आहे म्हणून ती वापरायलाच हवी असं नाही.

सगळं जोडलं, पण मागे सतत 'हंऽऽऽ' चालू आहे. तंबोरा लावल्यासारखा.

हा आपल्याकडच्या विजेचा सूर. घरात वीज येते ती ५० हर्ट्झची, आणि मिलिव्होल्टची वायर ती कुठूनही उचलते. घाईने काही विकत आणू नका, आधी शोध घ्या.

टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, किंवा टर्नटेबलच्या धातूच्या भागाला बोट लावा. गुणगुण कमी झाली किंवा वाढली तर ग्राउंडचा दोष आहे. ती पत्र्याचा चिमटा असलेली बारीक वायर अँप्लिफायरच्या किंवा फोनो डबीच्या 'जीएनडी' स्क्रूखाली घट्ट बसवा. दहापैकी नऊ वेळा गोष्ट इथेच संपते. टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज असेल तर बहुधा ही वायर नसतेच, तेव्हा शोधत बसू नका.

बोटाने फरक पडत नसेल तर टोनआर्म हाताने हळूच प्लॅटरवर, म्हणजे फिरणाऱ्या थाळीवर, आत-बाहेर न्या. एखाद्या जागी गुणगुण वाढत असेल तर जवळ कुठला तरी ट्रान्सफॉर्मर आहे. अँप्लिफायरवरच टर्नटेबल ठेवलंय का? इन्व्हर्टर शेजारी आहे? अडॅप्टरांची जुडी वायरीला चिकटून पडली आहे? लांब करा.

एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर हेडशेलमधल्या, म्हणजे दांडीच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या भागातल्या, चार रंगीत तारांपैकी एक सैल असते. लाल, हिरवी, पांढरी, निळी. चिमट्याने, यंत्र बंद करून, अलगद दाबा.

लॅपटॉप जोडल्यावरच सुरू होत असेल तर चार्जर काढून बघा. त्याने थांबलं, तर लॅपटॉपचा आणि अँप्लिफायरचा असे दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या.

इथे एक ठाम सांगणं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार असेलच याची खात्री नसते. हे वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडायची, किंवा ग्राउंडची वायर सॉकेटच्या भोकात खुपसायची, हे उद्योग कोणी सांगितले तरी करू नका.

काका अमेरिकेहून त्यांचं जुनं टर्नटेबल देणार आहेत. २३० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

व्होल्टेजपुरतं झालं. वेगाचं राहिलं.

जुन्या बेल्टच्या आणि आयडलरच्या (म्हणजे रबरी चाकाने थाळी फिरवणाऱ्या) बऱ्याच टर्नटेबलांची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते. तिकडे ६०, इथे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २७.८ होतात. स्वर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी पाचच्याही खाली येतात, आणि ऐकणारा म्हणतो, हा कोण बुवा गातोय?

खात्री करायला यंत्र नको. लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. बरोबर वेग असेल तर तीन मिनिटांत १०० फेऱ्या होतात. ८३ च्या आसपास आल्या तर हेच दुखणं. त्यावर दोन उपाय आहेत. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळवायची, किंवा हर्ट्झ बदलून देणारा स्पीड कंट्रोलर लावायचा. विमानात सामान चढवण्याआधी काकांना तळाची पट्टी वाचून दाखवायला सांगा. क्वार्ट्झवर वेग सांभाळणारी डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलं, किंवा डीसी मोटरची, यांना हर्ट्झशी देणंघेणं नसतं. त्यांना फक्त व्होल्टेज जुळवून द्या. नव्यांचा अडॅप्टर तर बहुधा १०० ते २४० व्होल्ट सगळं खातो.

जपानहून येणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे वीज १०० व्होल्टची, म्हणजे अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मरही चालत नाही. आणि टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०.

घरचा जुना एचएमव्ही फिएस्टा चालू आहे. त्यातून आवाज नव्या स्पीकरला घेता येईल?

येईल, पण स्पीकरच्या तारा कापून नव्हे. त्या काळच्या अशा बहुतेक प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा सिग्नल मुळातच दणकट असतो आणि त्याला आरआयएएची डबी लागत नाही. म्हणजे इथे आपला 'एकदाच'चा नियम 'एकदाही नाही' असा होतो. मात्र ते साध्या ऑक्समध्ये घातलं तर खर्ज गळतो, कारण त्याला दहा लाख ओमच्या आसपासचा इनपुट हवा असतो. गिटारवाल्यांच्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर 'हाय-झेड' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' असं जे भोक असतं ते नेमकं तसंच असतं. काम जुन्या माणसाकडून करून घ्या. हल्लीच्या मुलांना मोबाइल उघडता येतो, हे नाही.

आणि जपायच्या एलपी, म्हणजे ३३⅓ च्या मोठ्या तबकड्या, त्यावर लावू नका. आजच्या बऱ्या कार्ट्रिजचं वजन खाचेवर २ ग्रॅमच्या आसपास पडतं, या प्लेअरांत त्याच्या दुप्पट किंवा अधिक. फिएस्टा शोभेला आणि चार मित्र जमले की एखाद्या गाण्याला ठीक.

आवाज मोठा केला की घुमल्यासारखी शिट्टी का वाजते?

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर आहेत म्हणून. स्पीकरचा दणका लाकडातून सुईला, सुईचा पुन्हा स्पीकरला. स्पीकर उतरवा. टर्नटेबलखाली जाड कडाप्प्याची फरशी आणि तिच्याखाली रबराचे तुकडे ठेवले तर आणखी बरं.

गाणी संगणकावर घ्यायची आहेत.

यूएसबी असेल तर थेट, नसेल तर फोनो डबीनंतरची वायर ऑडिओ इंटरफेसला. ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. 'खरखर घालवा'ची बटणं बेताने वापरा, नाहीतर तंबोऱ्याची जवारीही खरखर समजून पुसली जाते.

आंतरजालावर टाकण्याआधी इतकं लक्षात ठेवा: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि कवी-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं.

आजोबांच्या जड, काळ्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर वाजतील?

तीन अटींवर.

पहिली वेगाची. नवी टर्नटेबलं बरीचशी ३३ आणि ४५ चीच असतात, घेण्याआधी बघा. आहे त्यावर भागवायचं तर ४५ वर वाजवून संगणकावर घ्या आणि तिथे वेग ७३ टक्क्यांनी वाढवा. एकदम उंदरासारखा आवाज येईल असं वाटतं, पण तो बरोबर जागेवर येतो. फार जुन्या तबकड्यांच्या बाबतीत '७८' वरही विसंबू नका. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं त्या सुमाराला हा आकडा पक्का ठरलेला नव्हता. घरात पेटी असेल तर षड्ज कुठे लागतोय ते ताडून वेग ठरवण्यात एक रविवार मजेत जातो.

दुसरी सुईची. एलपीच्या सुईचं टोक असतं १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी साठलेल्या धुळीत लोळत जाते. तुम्हाला खरखर ऐकू येते आणि सुई झिजते. बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर ऐकायच्या तर वेगळी सुई घ्याच. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ सारख्या कार्ट्रिजमध्ये तेवढी सुई ओढून काढता येते आणि ७८ ची खोचता येते. वजन त्या सुईच्या कागदावर असेल तेवढं पुन्हा लावा. अँप्लिफायरला 'मोनो'चं बटण असेल तर दाबा, निम्मी चरचर तिथेच जाते. या तबकड्या बहुतेक १९५४ च्या नियमाआधीच्या, त्यामुळे फोनो डबीतून आवाज जरा कोंडलेला येतो. ट्रेबल थोडा वाढवा, तेवढं चालतं.

तिसरी अट धुण्याची, आणि यात माणसं तबकड्या घालवून बसतात. विनाइल स्वच्छ करायच्या बाजारी बाटल्यांत अल्कोहोल असू शकतं. विनाइलला ते सोसतं. ७८ ची तबकडी लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आपला सुतार कपाटाला पॉलिश करायला लाख स्पिरिटमध्येच कालवतो ना, तेच. एक पुसणं, आणि तीन मिनिटांचं नाट्यपद काळा डाग होऊन फडक्यावर येतं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. लेबलवर पाणी नको. मग पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने, आणि सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकते.